शाळा अंगणात आणा



साडेतीन वर्षांच्या लेकराला टाय बांधून व्हॅनमध्ये कोंबायचं आणि सोयाबीन विकून तालुक्याच्या शाळेची फी भरायची, यालाच आपण शिक्षण समजून बसलो आहोत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची रीत नेमकी उलटी होती. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, १९५७ नंतर कोसबाडला. पाड्यावरची पोरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. बिया, पानं, शिंपले हेच साहित्य.

उगवण चाचणी मी शेतकी कॉलेजात शिकलो. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी. हे काम पाच वर्षांचं पोर करतं. आठवड्यानं मोड मोजताना त्याला अंक कळतात. सत्तरच्या खाली आले तर बापालाही कळतं, की बियाणं वाढवावं लागेल, नाहीतर बदलावं लागेल.

कुणी विचारील, पोरांना शेतातच अडकवायचं का? नाही. मोठेपणी खुशाल शहरात जावं. पण मातीची लाज पहिल्या इयत्तेच्या आधीच शिकवू नका.

१९७५ पासून सरकारी अंगणवाडी आहे. सेविकेचा दिवस आहार वाटण्यात आणि नोंदवह्यांत जातो. दोष तिचा नाही. गावानं तिला हात द्यावा. पंधरा पोरं, एक झाड, रोज दोन तास. या बैठकीतून उठण्याआधी आपल्या गावातलं झाड ठरवा.