रंग आतून द्यायचा असतो!

मित्रांनो, रिमोटवरचा ट्रक म्हटला की होस्टेलवर चर्चा फक्त मोटर, गिअर आणि बॅटरीची. बॉडी? 'दे रे कुठलाही स्टिकर चिकटवून!' मला हे अजिबात पटत नाही.

ही बॉडी बहुधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते. तिला रंग आतल्या बाजूने देतात, म्हणजे ट्रक कितीही उलटला तरी रंग खरचटत नाही. पण मग सगळा क्रमच उलटा! बारीक रेघा आणि गडद रंग आधी, फिके नंतर; नाहीतर गडद रंग फिक्याच्या मागून डोकावतो. त्याआधी साबणाने धुवून तेलकटपणा घालवा, खिडक्यांना मास्किंग टेप लावा. साधा ऑइलपेंट चालत नाही. बॉडी वाकली की त्याचे पोपडे निघतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली जुनी काचचित्रं याच उलट्या रीतीची. आता सांगा, हे इंजिनिअरिंग नाही तर काय?

आम्ही भवानी पेठेतली मुलं मागांच्या खडखडाटात वाढलो. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंग उलटे. म्हणजे असं उलटं डोकं चालवणं आपल्या गावाला नवीन नाही!

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की टेकफेस्टच्या मार्कांत रंगकामालाही जागा द्या. आणि परीक्षक म्हणून ट्रक रंगवणाऱ्या एखाद्या पेंटरकाकांना मानाने बोलवा. फ्लेक्स आणि स्टिकरने त्यांचं काम घटवलं, पण हातातली कला अजून आहे. ते हात थांबले, तर उद्या आपण शिकायचं कोणाकडून? बघा, पटतंय का!