श्वानाला शिस्त, मालकाला मुभा

कुत्रा पाळण्याची हौस आपल्या शहरांतील मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच की, पिलू घरी येताच त्याच्या शिस्तीसंबंधी जी फर्माने सुटतात, त्यांतले एकही घरातील माणसांना लागू होत नाही. वडील ‘बस’ म्हणतात, मुलगा ‘सिट’ म्हणून ओरडतो, आजी ‘बैस हो राजा’ म्हणत तुपाची पोळी भरवते, आणि या परस्परविरोधी हुकुमांतून ज्या मुक्या जीवाला कसलाच अर्थबोध होत नाही, त्याच्यावरच अखेर हट्टीपणाचा शिक्का बसतो.

कृती आणि तिचे फळ यांत क्षण-दोन क्षणांहून अधिक अंतर पडले की कुत्र्याला त्यांची सांगड घालणे दुरापास्त होते. दुपारी सतरंजीवर झालेल्या लघवीबद्दल संध्याकाळी कचेरीतून परतलेल्या गृहस्थाने त्या डागात त्याचे नाक घासले, तर त्या प्राण्याला जो बोध होतो तो सतरंजीविषयी नव्हे, गृहस्थाविषयी होतो. मागे पडलेले कान, पोटाखाली गेलेले शेपूट आणि चुकवलेली नजर यांना आपण कसुराची कबुली समजतो; परंतु अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, ज्यांनी काहीच आगळीक केली नव्हती त्या कुत्र्यांनीही मालक रागे भरताच तीच मुद्रा धारण केली. याउलट झोपेतून उठल्यावर, खाणे झाल्यावर आणि खेळ थांबल्यावर पिलाला तत्काळ बाहेर नेऊन, तिथे विधी उरकताच तिथल्या तिथे खाऊ देण्याचा शिरस्ता ज्या घराने नेटाने पाळला, त्या घरातील सतरंजी बहुधा कोरडी राहते. हे कष्टाचे आहे. नाक घासणे सोपे आहे.

हवामानाकडेही असेच औदासीन्य. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, शरीराची उष्णता तो धापा टाकूनच घालवतो. तरीही सायबेरियाच्या बर्फासाठी घडलेला हस्की आपण विदर्भाच्या मे महिन्यात आणून ठेवतो आणि भर दुपारी, ज्या डांबरावर आपल्याला तळहात पाच-सात सेकंदही टेकवता येणार नाही, त्यावरून त्याला फिरवतो. सांगली-सोलापूरकडचा कारवानी या उन्हात वाढलेला खरा, पण तो पाहुण्यांसमोर मिरवता येत नाही ना!

लाडाचीही गत हीच. शिऱ्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आमटीतल्या शिजलेल्या कांद्याने रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो, आणि चॉकलेट तर जिवावरच बेतू शकते. पण ‘एवढ्याशाने काय होतंय?’ या वाक्यापुढे पशुवैद्याचे काही चालत नाही. लसीकरणाचेही तेच: पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर टोचायची रेबीजची लस पहिल्या वर्षी हौसेने दिली जाते, पुढच्या वर्षी मुदत उलटली तरी कुणाच्या ध्यानात नसते.

मग दिवसभर गॅलरीत साखळीला जखडलेला तो जीव कंटाळून भुंकू लागतो, आणि सोसायटीच्या सभेत ठराव होतो तो त्याच्याविरुद्ध. माझी तजवीज निराळी आहे: पिलू आणण्यापूर्वी रोज पहाटे त्याला घेऊन कोण बाहेर पडणार याचा फैसला घरात व्हावा, आणि तो होत नसेल तर पिलाचा बेत बेमुदत तहकूब करावा.