पट्टीला ऊन लागू देऊ नका

बोटातल्या रक्ताच्या एका थेंबावरून साखर सांगणारं ग्लुकोमीटर आता उपकेंद्रात असतं, शिबिरात येतं, पुष्कळ घरांतही आहे. लॅब गाठायची तर तालुक्याला जावं लागतं, अशा गावांना त्याचा केवढा आधार आहे! त्याचा आकडा खरा यावा, एवढ्यासाठी ही विनंती.

यंत्रापेक्षा रक्ताचा थेंब घ्यायची पट्टी नाजूक. तिच्यावरचं एन्झाइम उष्णतेनं आणि ओलीनं बिघडतं. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आतच ठेवायच्या असतात, आणि मे महिन्यात पत्र्याच्या घरात त्याहून कितीतरी जास्त तापतं. गाडीच्या डिकीत तर डबी ठेवूच नका. माठाशेजारी नको, फ्रिजमध्येही नको, तिथं ओल धरते. मूळ डबीतच, कोरड्या सावलीत ठेवा. पावसाळ्यात पट्टी काढली की लगेच झाकण घट्ट लावा.

तपासण्याआधी हात साबणानं धुऊन पुसा. आंबा चिरलेल्या बोटावरचा रस रक्तात मिसळतो आणि आकडा उगाच फुगतो. सुई मात्र ज्याची त्याला, नवराबायकोतही एक नको. शिबिरात नवी सुई डोळ्यांसमोर उघडायला सांगा, भीड बाळगू नका. हिपॅटायटिस बी अशाच रक्तातून पसरतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही हल्ली छोट्या यंत्रावर होते. तांबड्या पेशींना किती साखर चिकटली, यावरून ती अंदाज बांधते. एरवी ही पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेल या रक्ताच्या आजारात ती फार लवकर मरते, म्हणून साखर वाढलेली असूनही रिपोर्ट चांगला येतो. उलट, लोह कमी असलेल्या बाईचा आकडा खऱ्याहून जास्त दिसू शकतो. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटातल्या ज्या घरांत सिकलसेल आहे, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तपासून घ्यावी.

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आलं, तर शिरेतलं रक्त लॅबमध्ये तपासून खात्री करा. चांगल्या यंत्रातही १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, तेव्हा एका आकड्यावर स्वतःच गोळ्या सुरू किंवा बंद करू नका. पण औषध चालू असताना दरदरून घाम फुटला, हात थरथरले आणि आकडा ७० च्या खाली दिसला, तर तेव्हा थांबायचं नाही. तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.