आजाराचे पासबुक

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पैसे बँकेच्या तिजोरीत असले तरी खाते खातेदाराचे असते. म्हणून तर पासबुक त्याच्या हाती देतात. आजाराच्या बाबतीत मात्र आपण हा साधा हिशेब कधी मांडलाच नाही. केसपेपर इस्पितळाचा, आणि आपल्या वाट्याला कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी! तिच्यात अक्षरे उडालेले ईसीजी, एक्स-रे आणि कुणाला न लागणाऱ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या.

वास्तविक कायदा केव्हाच रुग्णाच्या बाजूने उभा राहिला आहे. रुग्णाला त्याचेच केसपेपर नाकारताना गोपनीयतेची सबब सांगता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. पुढे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी मागणी झाल्यापासून ७२ तासांत कागद देण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. पण हक्क कागदावर राहिला आणि कागद इस्पितळात.

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने ही कोंडी फोडायचे ठरवले आहे. १४ अंकी 'आभा' क्रमांक घ्यायचा, तोही ऐच्छिक. नोंदी ज्या-त्या इस्पितळातच राहतात; दुसऱ्या डॉक्टरला त्या हव्या असतील तर रुग्णाच्या मोबाईलवर विचारणा येते. कोणत्या नोंदी, कशासाठी आणि किती मुदतीसाठी, हे त्यात नमूद असते. रुग्ण नकार देऊ शकतो, दिलेली संमती मागेही घेऊ शकतो. मधुमेहाच्या रुग्णाला गाव बदलल्यावर पुन्हा पहिल्यापासून कहाणी सांगावी लागू नये, हे सुख लहान नाही.

प्रश्न आहे तो चावीचा. आपल्याकडे मोबाईल बहुधा घराचा असतो, माणसाचा नसतो. सत्तरीच्या आईचा ओटीपी मुलाच्या फोनवर येतो, सुनेचा नवऱ्याच्या. मग आईची संमती म्हणजे मुलाची संमती! बहुतेक घरांत हे प्रेमापोटीच चालते, आणि रक्तदाबाच्या गोळीपुरते त्यात काही बिघडत नाही. पण मानसोपचाराची चिठ्ठी असेल तर? गर्भपाताची नोंद असेल तर? क्षयाचे निदान असेल आणि घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर? अशा वेळी बाई एकतर आजार लपवते, नाहीतर डॉक्टरकडेच जात नाही. नोंदी खुल्या करण्याच्या उत्साहात उपचाराचीच वाट बंद व्हायला नको.

दुसरी अडचण काउंटरवरची. बँकेत कर्जदार वीस ठिकाणी सह्या करताना एक ओळही वाचत नसे. कारण त्याला गरज असे आणि मागे रांग असे. इस्पितळाच्या काउंटरवर पोटात कळा येत असताना 'सहमत आहे' वर बोट ठेवणारा माणूस याहून वेगळा नसतो. अशा होकाराला संमती म्हणणे ही सोयीची भाषा झाली. संमती मागे घेता येते हे खरे. पण एकदा वाचलेले कुणी विसरत नाही.

तिजोरीची काळजीही आहेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि तिथला कारभार कित्येक दिवस हाताने, कागदावर करावा लागला. खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. पण पैसा चोरीला गेला तर भरपाई होऊ शकते. आजाराचे गुपित फुटले तर काय भरून देणार?

यावर नोंदी नकोतच, असे मी म्हणणार नाही. पिशवीतल्या कागदांनी फार माणसे हाल काढताना पाहिली आहेत. पण संमती समजावून सांगणारा माणूस काउंटरवर हवा, मराठीत बोलणारा आणि घाई नसलेला. आणि घरात आपण एवढे करू शकतो: आईचे खाते उघडून देताना पासवर्ड तिलाच ठरवू द्यावा. तिला जमत नसेल तर मदत करावी. पण कुठली नोंद कुणाला दाखवायची, हे दर वेळी तिला विचारावे.