काखेत कळसा, हातात पेन ड्राईव्ह

सबमिशनचा आठवडा आला की कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये एक गंमत हमखास बघायला मिळते. मुलगा लिनक्सच्या मशीनवर बसलेला. त्याची फाइल लॅबच्या सर्व्हरवर, त्याच्याच फोल्डरमध्ये सुखरूप. फाइल मॅनेजरमध्ये ती दिसते, डबल क्लिक केलं की उघडतेही. पण ब्राउझरमध्ये ‘अपलोड’ दाबलं की फाइल निवडायचा जो डायलॉग बॉक्स येतो, त्यात सर्व्हरचा पत्ताच नाही! मग सगळ्या लॅबभर एकच आरोळी, “ए, पेन ड्राईव्ह आहे का रे कुणाकडं?”

आणि शेवटी ठरलेला निकाल : “लिनक्सवर काही धड चालत नाही बघ.”

मला हा निकाल मान्य नाही. इथं दोष मुलाचा नाही आणि लिनक्सचाही नाही. दोष अर्धवट सोडलेल्या कामाचा आहे. सर्व्हर माणसाला दाखवला, पण मशीनला जोडलाच नाही!

हे नीट समजून घेऊ. आपण फाइल मॅनेजरमध्ये एसएमबीचा पत्ता टाकून सर्व्हर उघडतो, तेव्हा तो जोडलेला असतो फक्त त्या डेस्कटॉपपुरता. ग्नोममध्ये हे काम जीव्हीएफएस करतं, केडीईमध्ये केआयओ. ब्राउझरला मात्र हवा असतो साधा फाइलचा मार्ग, म्हणजे मुळापासून सुरू होऊन फोल्डर-फोल्डर करत फाइलपर्यंत जाणारा. आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. कृष्णेला पाणी आहे म्हणून जतच्या शिवारात आपोआप पाणी येतं का? त्यासाठी म्हैसाळहून ते उचलून कालव्यानं न्यावं लागतं. फाइल मॅनेजर स्वतः कळशी घेऊन नदीवर जातो. ब्राउझर दारातल्या नळाचंच पाणी पितो. तो नळ म्हणजे ‘माउंट’.

विंडोजमध्ये ही अडचण का येत नाही? कारण तिथं नेटवर्कचा ड्राईव्ह ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर जोडला जातो, त्यामुळं तो सगळ्याच प्रोग्रामना दिसतो. लिनक्सला हे जमत नाही असं मुळीच नाही. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथं शिकत असताना जे लिहायला घेतलं, त्यातूनच ‘सांबा’ उभं राहिलं आणि युनिक्सची मशीन विंडोजशी फाइली वाटून घेऊ लागली. लिनक्सच्या कर्नेलमध्येही सीआयएफएसची सोय २००३ च्या २.६ आवृत्तीपासून आहे. म्हणजे नळ बसवायचं सगळं सामान घरात आहे, फक्त बसवणारा पाहिजे!

आता काही हुशार मंडळी म्हणतील, “कंट्रोल आणि एल दाबायचं आणि मार्ग टाइप करायचा की!” बरोबर आहे. जीव्हीएफएसचा फ्यूजचा भाग इन्स्टॉल केलेला असेल, तर जोडलेला सर्व्हर ‘रन’ फोल्डरमध्ये आपल्या युजर नंबरखाली सापडतो आणि तिथून फाइल निवडता येते. केडीईसाठीही केआयओ-फ्यूज आहे. अडल्यावेळी ही युक्ती उपयोगी आहे, जरूर शिकून ठेवा. पण पहिल्या वर्षाला काल दाखल झालेल्या मुलानं हा लांबलचक मार्ग पाठ करावा, ही अपेक्षा कशाला?

त्यात आणखी एक भर पडली आहे. उबुंटूनं २०२२ च्या एप्रिलमधल्या २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्स फक्त ‘स्नॅप’ स्वरूपातच द्यायला सुरुवात केली. स्नॅप म्हणजे कुंपणातला प्रोग्राम. सुरक्षेसाठी त्याला घरचं फोल्डर आणि परवानगी दिलेल्या मोजक्याच जागा दिसतात. कुंपण चांगलंच आहे, पण त्याला फाटक कुठं आहे ते लॅब लावणाऱ्याला माहीत पाहिजे. सर्व्हर ‘मीडिया’ किंवा ‘एमएनटी’ फोल्डरखाली जोडला आणि स्नॅपला ‘रिमूव्हेबल मीडिया’ची परवानगी दिली, की काम झालं.

तर माझं सांगणं सरळ आहे. उपाय ब्राउझरमध्ये शोधू नका, लॅबच्या मशीनच्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये शोधा. एका मशीनला एक ओळ : सर्व्हरवरचं फोल्डर कोणतं, ते इथं कुठं जोडायचं, प्रकार सीआयएफएस आणि पुढं काही पर्याय. एकदा ही ओळ लागली की ब्राउझर, ऑफिस, कंपायलर, सगळ्यांना तेच फोल्डर दिसणार.

यावर लॅबच्या सरांचे तीन आक्षेप असतात आणि तिन्ही रास्त आहेत. पहिला, सर्व्हर बंद पडला तर मशीन अडकून बसेल. त्यासाठी ‘नोफेल’ आणि सिस्टिमडीचं ऑटोमाउंट आहे. फोल्डर उघडलं तरच जोडणी होते, आणि थांबायची मुदतही ठरवता येते. दुसरा, पासवर्ड उघडा पडेल. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती फक्त रूटला वाचता येईल असं करता येतं. तिसरा, एकाच खात्यानं जोडलं तर सगळ्यांना सगळ्यांचं दिसेल. हा आक्षेप सगळ्यात मोठा. त्याला ‘पॅम-माउंट’ हे उत्तर आहे, ज्याचं लॉगिन त्याचंच फोल्डर.

एक पथ्य मात्र पाळा. जुना सर्व्हर फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती बोलत असेल आणि नव्या मशीनला दिसत नसेल, तर ती आवृत्ती परत चालू करू नका. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा वॉनाक्राय त्याच दारातून शिरला होता. म्हणूनच सांबानं २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ते दार मुळातच बंद ठेवलं. बदलायचा तो सर्व्हर!

“एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा आटापिटा कशाला?” असं कुणी विचारेल. ज्याच्याकडं स्वतःचा लॅपटॉप आहे त्याला ही गोष्ट एवढीशीच वाटणार. पण माण-खटावहून, आटपाडी-जतहून आलेला जो मुलगा लॅबच्या मशीनवरच अवलंबून आहे, त्याचं काय? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, सगळं स्कॅन करून चढवावं लागतं. सर्व्हरवरची फाइल ब्राउझरला दिसत नाही म्हणून तो दुसऱ्याचा पेन ड्राईव्ह मागतो, नाहीतर नेट कॅफे गाठतो. त्याच्या बापाच्या उत्पन्नाचा दाखला मग चार अनोळखी मशीनवर पडून राहतो. वर व्हायरसचा प्रसाद वेगळाच! ज्याच्याकडं कमी आहे त्यालाच जास्त हेलपाटे, हे काही बरोबर नाही.

सांगलीत वालचंदच्या मुलांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. असा ग्रुप साताऱ्यात, कराडला, इस्लामपुरात, कुठल्याही कॉलेजात चारपाच मुलं मिळून सुरू करू शकतात. त्यांनी पहिला कार्यक्रम म्हणून मोठं सेमिनार घेऊ नये. लॅब असिस्टंटना विचारून एका शनिवारी एक मशीन घ्यावं, ती एक ओळ लावावी, दोन वेगवेगळ्या लॉगिननं फाइल अपलोड करून बघावी आणि जमलं की सगळ्या लॅबला लावावी. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जर्नलमध्ये ‘माउंट’ची व्याख्या आपण सगळेच लिहितो. व्हायव्हा संपली की ती तिथंच राहते. या वर्षी तिला जरा लॅबमध्ये आणू या. बघा, पटतंय का!