मुंबई हायच्या पोटात पाणी किती भरलं, हे भंडाऱ्यानेही विचारायला पाहिजे

रोवणीचे दिवस आले की आपल्याकडे डिझेलची चर्चा सुरू होते. चिखलणीचा तासाचा दर, पुढे हार्वेस्टरचा दर, धान गिरणीपर्यंत न्यायचं भाडं, सगळं डिझेलवर अडकलेलं. मग थोडा वेळ सरकारला शिव्या, थोडा वेळ अरब देशांना शिव्या, चहा संपला की विषय संपला. या चर्चेत एक नाव कधीच येत नाही, ते म्हणजे मुंबई हाय.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. उरलेलं जे घरचं आहे, त्यातला मोठा वाटा आपल्याच राज्यासमोरच्या समुद्रातून येतो. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये 'सागर सम्राट' जहाजाने तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९८० च्या दशकात हे क्षेत्र दिवसाला साडेचार लाख बॅरलच्या वर गेलं होतं. आता दीड लाखाच्याही आत आलं आहे.

म्हणजे तेल संपलं का? नाही जी. तिथल्या एकूण तेलाच्या तीन भागांपैकी जवळपास दोन भाग अजून खालीच आहेत. ते वर येत नाहीत, एवढंच.

का येत नाहीत, हे समजून घ्या. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. भिजलेल्या विटेत पाणी मुरलेलं असतं, तसं तेल दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. मुंबई हायमध्ये तो दगड चुनखडीचा आहे. विहीर खोदली की सुरुवातीला आतल्या दाबाने तेल आपोआप वर येतं. पण जितकं काढलं तितका दाब उतरतो. म्हणून दुसऱ्या विहिरींतून पाणी आत ढकलतात. ते दोन कामं करतं: दाब टिकवतं आणि तेलाला उत्पादनाच्या विहिरीकडे रेटतं. समुद्राचं पाणी तसंच ढकलून चालत नाही. ते गाळावं लागतं, त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो, जिवाणू मारावे लागतात. नाही तर पाइप गंजतात आणि दगडाची छिद्रं बुजतात.

पण पाणी सोपी वाट शोधतं, हे बांधीत पाणी फिरवणाऱ्याला सांगायला नको. बांधाला खेकड्याने एक बीळ केलं की सगळं पाणी तिकडूनच पळतं, बाकी बांधी कोरडी. तिथेही तसंच. पाणी मोठ्या फटींतून पळतं आणि बारीक छिद्रांतलं तेल मागे राहतं. मग विहिरीतून तेल कमी आणि पाणीच जास्त येऊ लागतं. अशा वेळी गॅसचा उपयोग होतो. दाबाखाली गॅस तेलात मिसळला की तेल पातळ होतं, फुगतं, सुटतं. काही ठिकाणी पाणी आणि गॅस आळीपाळीने सोडतात. गुजरातमध्ये कोयली रिफायनरीचा कार्बन डायऑक्साइड गांधारच्या तेलक्षेत्रात सोडण्यासाठी ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांनी २०१९ मध्ये करार केला, तो याच कामासाठी.

जमिनीतून काढायचं आणि बदल्यात काही भरायचं, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. तुमसर तालुक्यात चिखल्याच्या भूमिगत खाणीत मॅंगनीज काढल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत पाण्याबरोबर रेती सोडून भरतात. भरली नाही तर वरचा भाग खाली येईल आणि पुढचं मॅंगनीजही हाती लागणार नाही.

तेलातही हेच होतं. नॉर्वेजवळच्या समुद्रात एकोफिस्क नावाचं क्षेत्र आहे. तिथे १९७१ पासून तेल निघू लागलं. दाब उतरला, मऊ खडूचा दगड दबला, समुद्राचा तळच खचायला लागला. शेवटी १९८७ मध्ये तिथले अवाढव्य प्लॅटफॉर्म सहा मीटर वर उचलावे लागले. त्याच वर्षी त्यांनी मोठ्या प्रमाणावर पाणी भरायला सुरुवात केली. सुरुवातीला जिथून १७ टक्केच तेल निघेल असा अंदाज होता, तिथे आता निम्म्याहून जास्त निघेल असं धरलं जातं. दगड वेगळा, समुद्र वेगळा, आकडा जसाच्या तसा इकडे लागू होणार नाही. पण शिस्तीने किती फरक पडतो ते दिसतं.

मुंबई हायमध्ये पाणी भरणं सुरू झालं १९८४ मध्ये, उत्पादनानंतर आठ वर्षांनी. त्या काळात किनाऱ्यावर गॅस आणण्याची पुरेशी सोय नव्हती, म्हणून बराच गॅस समुद्रातच जाळला गेला. पुढे १९९० च्या दशकात उत्पादन घसरलं आणि २००० नंतर हजारो कोटी खर्चून या क्षेत्राचा पुनर्विकास करावा लागला. आधी भराभर काढायचं आणि नंतर दुरुस्तीला पैसा ओतायचा, ही आपली जुनी सवय.

आता ताजी गोष्ट. २०२५ च्या सुरुवातीला ओएनजीसीने ब्रिटनच्या बीपी कंपनीला मुंबई हायसाठी तांत्रिक सेवा द्यायला नेमलं. करार दहा वर्षांचा. ठरलेल्या पायापेक्षा तेल ४४ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असं सांगितलं गेलं. पहिली दोन वर्षं ठराविक फी, नंतर जे जास्तीचं उत्पादन होईल त्याच्या उत्पन्नात वाटा.

परदेशी कंपनी आली म्हणून ओरडणाऱ्यांतला मी नाही. ज्याला काम येतं त्याला बोलवावं. पण 'जास्तीचं' म्हणजे कशापेक्षा जास्त? सगळा खेळ त्या पायाच्या आकड्यात आहे. काही केलं नसतं तर उत्पादन किती घसरलं असतं, याचा अंदाज जितका खाली धराल, तितकं जास्तीचं मोठं दिसेल आणि तितका वाटा वाढेल. ओएनजीसीत निम्म्याहून जास्त हिस्सा सरकारचा आहे, म्हणजे तुमचा-माझा आहे. म्हणून माझ्या तीन मागण्या:

१) पायाचा आकडा दहाही वर्षांसाठी, वर्षागणिक, जाहीर करा.
२) दरवर्षी किती तेल, गॅस आणि पाणी बाहेर काढलं आणि बदल्यात किती पाणी-गॅस आत भरला, हे एका पानावर, मराठीत, सामान्य माणसाला कळेल असं छापा.
३) एकूण तेल किती होतं, किती काढलं, किती उरलं, हे नॉर्वे प्रत्येक क्षेत्राचं सरकारी वेबसाइटवर टाकतं. तसंच इथेही टाका.

खासदारांना हे प्रश्न लोकसभेत विचारता येतात. आपल्याही खासदारांना येतात. समुद्र आपल्या मतदारसंघात नाही, पण डिझेलचा पंप तर आहे ना?

काही जण म्हणतील, तेलाचे दिवस चालले, आता सोलर आणि बॅटरी. येऊ द्या, स्वागत आहे. पण यंदाची चिखलणी डिझेलवरच होणार आहे. जळणारच असेल तर ते बाहेरून डॉलर देऊन आणण्यापेक्षा आधीच खोदलेल्या विहिरीतून का काढू नये? २०१८ मध्ये केंद्राने यासाठी सवलतींचं धोरण आणलं तेव्हा सरकारचाच हिशेब होता: जमिनीतल्या तेलातून काढण्याचं प्रमाण ५ टक्क्यांनी वाढलं तर वीस वर्षांत १२ कोटी टन जास्तीचं तेल मिळेल. आज देशाचं वर्षाचं सगळं उत्पादन तीन कोटी टनाच्या आत आहे. करा गुणाकार.

अडचण एकच आहे. जुन्या गोष्टीच्या देखभालीला फीत कापता येत नाही. आपल्या मामा तलावांचं काय झालं ते पाहा. गोसेखुर्दच्या भूमिपूजनाला १९८८ मध्ये पंतप्रधान आले, पण गावच्या तलावातला गाळ काढायला कोण आलं? तेलाचंही तसंच. नवीन साठा सापडला तर पहिल्या पानावर बातमी, जुन्या साठ्यात नीट पाणी भरलं तर कुठेच नाही.

म्हणून ती बातमी आपण मागायची. पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आकडे घेऊन या.