काळं औषध आणि दाढेतलं सिमेंट



दसरा झाला की आमच्या गेवराईत ऊसतोडीला जाणाऱ्यांची आवराआवर सुरू होते. धान्याची पोती, भांडीकुंडी, अंथरुणं ट्रॅक्टरवर चढतात आणि बऱ्याचदा मुलंसुद्धा! गेल्या वर्षी अशीच एक आई शाळेत माझ्याकडे आली. सात वर्षांच्या लेकीची दाढ किडलेली.

"बाई, दाक्तर म्हणत्यात आधी काळं औषध लावू, मग सिमेंट भरू. पर औषधावर सिमेंट धरंल का? फडावर गळून पडलं तर कुठं जाऊ?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी विचारून, वाचून घेतलं, ते तुम्हालाही सांगते.

या औषधाचं नाव सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड. त्यातली चांदी किडीचे जंतू मारते, तर फ्लोराईड मऊ पडलेला दात टणक करतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ना सुई, ना मशीनची घरघर! किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो. मागच्या दाढेत तो कोण बघतंय? पुढच्या दाताला लावताना मात्र आधी विचार करावा.

आता सिमेंटचं. ग्लास आयोनोमर सिमेंट दातातल्या कॅल्शियमशीच जुळतं, त्यामुळे औषध लावल्यावरही ते साधारण तितकंच पक्कं बसतं. निळ्या उजेडाने घट्ट करतात ते कॉम्पोझिट वेगळं. ते दाताच्या बारीक छिद्रांत शिरून धरतं. तिथे औषध राहिलं तर पकड ढिली पडू शकते, म्हणून आधी दात पाण्याने नीट धुवावा लागतो. तेव्हा 'कोणतं सिमेंट भरणार?' हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात लाजायचं काय?

सिमेंट कधी निघतंही. पण खाली औषध लावलेलं असलं, तर कीड सहसा लगेच उचल खात नाही. दूरगावी राहणाऱ्या पोरासाठी हा केवढा आधार!

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा, बरं का:

• रात्री ठणका लागत असेल किंवा हिरडीवर फोड आला असेल, तर नुसत्या औषधाने भागत नाही. वेगळे उपचार लागतात.

• सिमेंट भरल्यावर तासभर काही खायला देऊ नका.

• फ्लोराईडच्या पेस्टने, वाटाण्याएवढीच घेऊन, दोन वेळा दात घासून घ्या.

• सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.

"दुधाचीच दाढ, पडंल की!" असं मात्र म्हणू नका. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. लवकर काढल्या तर शेजारचे दात त्या जागेत कलतात.

त्या आईने निघायच्या दोन दिवस आधी लेकीची दाढ भरून घेतली. पाडव्याच्या सुमारास टोळी परतली, तेव्हा पोर शाळेत आली आणि न सांगताच माझ्यासमोर "आ" करून उभी राहिली. कड काळी होती खरी, पण सिमेंट जागच्या जागी होतं.